कलम 73 लिहिणारी माणसं

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेली करिअर पुरवणी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. नुसती चाळली नाही, हातात पेन्सिल घेऊन बसले होते. माझी नात मुंबईत कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला दुसऱ्या वर्षात आहे. तिला ज्या कामात जायचं आहे त्याबद्दल दोन ओळी तरी असतील अशी आशा होती. वैद्यकीय, अभियांत्रिकी, सीए, फॅशन, हॉटेल, स्पर्धा परीक्षा, अगदी ड्रोन चालवण्याचं प्रशिक्षणसुद्धा होतं. कायद्याला अर्धं पान होतं, त्यात वकिली, न्यायाधीशाची परीक्षा आणि कंपन्यांमधली नोकरी. आंतरराष्ट्रीय कायदा हा शब्द कुठेच नव्हता. परराष्ट्र सेवा होती, पण 'आयएएस, आयपीएस, आयएफएस' अशी शेवटी जोडून दिलेली.

पुरवणीवर राग नाही. पण देशादेशांतले करार लिहिण्याचं आणि ते सांभाळण्याचं हे काम कोकणच्या किनाऱ्यावरच्या मुलांना माहीत नसावं, ही गोष्ट मला फार लागली. का लागली ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी डहाणू तालुक्यातल्या एका गावात चाळीस वर्षं शाखा डाकपाल होते. एक खोली, एक खिडकी, तराजू, शिक्के आणि बाहेर लाकडी बाक. आमच्या पाड्यांवरचे तरुण भाताची लावणी उरकली की गुजरातच्या बंदरांत बोटीवर चढतात, ओखा, पोरबंदर, वेरावळ, मांगरोळ. बोटमालक आगाऊ उचल देतो, तिच्यावर घरचा पावसाळा निघतो आणि माणूस पुढे उन्हाळ्यातच घरी दिसतो. मधल्या काळात त्याची मनीऑर्डर यायची, कधी फोन यायचा. कधी बातमी यायची की बोट धरली गेली.

2010 च्या नोव्हेंबरात आमच्या गावाजवळच्या पाड्यावरच्या एका खलाशाची बोट शेजारी देशाच्या गस्तीने पकडून नेली. घरच्यांना कळलं ते बोटमालकाच्या फोनवरून. त्यानंतर सात महिने काही नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या थैलीत एक पाकीट आलं. कराचीच्या तुरुंगातून. तिकिटावर उर्दू अक्षरं, कोपऱ्यात अर्धा उमटलेला गोल शिक्का, पाकीट एकदा उघडून खळीने परत चिकटवलेलं. पत्ता हिंदीत होता. गावाचं नाव चुकलं होतं, पिनकोड बरोबर होता, म्हणून ते पोचलं. आत वहीचा रेघांचा कागद, निळ्या बॉलपेनने गच्च लिहिलेला. अक्षर त्याचं नव्हतं. बराकीतल्या कुणा शिकलेल्या माणसाने त्याच्यासाठी लिहून दिलं होतं.

त्याची आई चिकूच्या वाडीत फळं निवडायच्या कामाला जायची. तिला बोलावणं धाडलं. ती तशीच आली, हाताला चिकूचा चीक लागलेला. मी खिडकीतून वाचून दाखवलं. मी बरा आहे. रडू नको. उचलीतले किती पैसे फिटले ते शेठला विचार. पावसाआधी घर शाकारून घ्या, मामाला नांगराला बोलवा. पत्रावरची तारीख जानेवारीतली होती. बाहेर पाऊस लागला होता आणि तिचं छप्पर गळत होतं हे तिलाही माहीत होतं, मलाही. ती बराच वेळ बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "बाई, लिवा त्याला, शाकारलंय म्हणून."

मी लिहिलं. खोटं लिहिलं, आणि आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

त्यानंतरची अडीच वर्षं मी त्या घरासाठी अर्ज लिहीत होते. परदेशातल्या तुरुंगातला माणूस सुटण्याआधी तो आपलाच नागरिक आहे हे आपल्या सरकारने कळवावं लागतं. त्यासाठी रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मतदार यादीतलं नाव, पोलीस पाटलाचा जबाब. त्या वेळी पालघर जिल्हा झाला नव्हता, तो 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्यामुळे मोठा कागद असला की ठाणं गाठावं लागे. एका कागदावर त्याच्या नावापुढे वडिलांचं नाव होतं, दुसऱ्यावर आजोबांचं. त्या एका फरकापायी फाइल एका कार्यालयात आठ महिने पडून राहिली. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथला कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता. त्याला फक्त ही फाइल कुठल्या कायद्याखाली चालते आणि तिला मुदत आहे का, हे ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही दोघंही हात जोडून 'दया करा' एवढंच म्हणत होतो.

तो 2013 साली परत आला.

आता नातीकडे येते. त्या दिवसांत ती पाच-सहा वर्षांची होती, पोस्टाच्या बाकावर बसून मला तिकिटं चिकटवायला मदत करायची. गेल्या दिवाळीच्या सुटीत ती अभ्यासाचं पुस्तक घेऊन माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "आजी, तू त्या काकांसाठी अर्ज करायचीस ना? हे ऐक." तिने संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराचं कलम 73 वाचलं आणि मराठीत सांगितलं. दुसऱ्या देशाच्या आर्थिक क्षेत्रात, म्हणजे किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांच्या आतल्या पाण्यात, मासेमारीचा नियम मोडला म्हणून बोट पकडली, तर वाजवी जामीन भरल्यावर बोट आणि खलाशी ताबडतोब सोडायचे. ज्या देशाची बोट, त्या देशाला लगेच कळवायचं. आणि अशा गुन्ह्याला तुरुंगवासाची शिक्षा देता येत नाही, दोन्ही देशांनी वेगळा करार केला असेल तेवढंच सोडून.

मी तिला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं. भारताने हा करार 1995 साली मान्य केला, पाकिस्तानने 1997 साली. म्हणजे मी 'दया करा' लिहीत होते तेव्हा ते वाक्य दोन्ही देशांच्या दप्तरी होतं.

नातीने लगेच मला सावधही केलं. किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आतल्या पाण्याला हे कलम लागू नाही. तिथे त्या देशाचा पूर्ण अंमल. आणि आपल्या दोन देशांमधली समुद्रातली रेषाच अजून ठरलेली नाही, कारण ती जिथून सुरू व्हायची ती कच्छची सर क्रीक वादात आहे. साधारण 96 किलोमीटरची दलदलीची चिंचोळी खाडी. 1968 साली कच्छच्या रणाचा निवाडा झाला तेव्हा ही खाडी त्यात आली नाही, ती राहिली ती राहिलीच. खलाशाला पाण्यावर रेघ दिसत नाही. जाळं ओढताना प्रवाहाने बोट कुठे गेली हे त्याला गस्तीची बोट दिसल्यावर कळतं. हेही लिहिलं पाहिजे की त्यांचे मच्छीमार आपल्या तुरुंगात असतात आणि त्यांच्याही आया असतात.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली. तुरुंगवास देता येणार नाही, हे वाक्य लिहिलं कुणी? कुठे बसून? त्या माणसांना आमचे खलाशी कसे माहीत होते? नातीने मला त्यांच्याबद्दल वाचून दाखवलं, आणि मला वाटलं हे सगळं पुरवणीत यायला हवं होतं.

पहिले आर्विद पार्दो. माल्टा या चिमुकल्या बेटाचे संयुक्त राष्ट्रांमधले पहिले प्रतिनिधी. आंतरराष्ट्रीय कायद्याचे पदवीधर. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी स्वतः तुरुंगवास भोगला होता. युद्ध संपल्यावर संयुक्त राष्ट्रांत लागले ते कागदपत्रं जपण्याच्या विभागात, आणि चाळीस वर्षं टपालाच्या कागदांत घालवलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं ते सांगायला नको. पुढे नायजेरिया आणि इक्वाडोरमध्ये विकासाच्या कामावर होते. 1 नोव्हेंबर 1967 ला न्यूयॉर्कला ते समुद्रतळाच्या प्रश्नावर बोलायला उभे राहिले. सकाळच्या बैठकीत सुरू झालेलं भाषण दुपारच्या बैठकीत पुरं झालं. खोल समुद्राचा तळ कुणा एका बलाढ्य देशाचा नाही, ती सगळ्या मानवजातीची सामाईक ठेव आहे, हे त्यांचं म्हणणं. आमच्याकडे गावच्या गुरचरणीला जसं कुणी एकट्याने कुंपण घालू नये म्हणतात, तसंच. त्या भाषणापासून जी हालचाल सुरू झाली तिच्यातून 1973 साली परिषद भरली आणि ती 1982 पर्यंत चालली.

दुसरे सत्या नंदन. फिजीचे, भारतीय वंशाचे. ज्या समाजाला 1879 पासून जहाजात घालून ऊसमळ्यांवर करारावर नेलं, त्या समाजातून आलेला हा वकील. फिजी स्वतंत्र झाला 1970 साली, आणि त्या नव्या, लहानशा देशाच्या शिष्टमंडळात बसून नंदन यांनी सागरी कायद्याच्या वाटाघाटींत असं नाव कमावलं की अवघड गट त्यांच्याकडे सोपवले जाऊ लागले. सामुद्रधुन्यांतून कुणाच्या जहाजांनी कसं जायचं यावर फिजी आणि ब्रिटन यांनी मिळून एक गट चालवला. ज्यांना समुद्रच नाही अशा देशांना शेजाऱ्याच्या पाण्यातल्या मासळीत वाटा किती, या वादाच्या गटाचे अध्यक्ष नंदन होते. 10 डिसेंबर 1982 ला जमैकात मॉंटेगो बे इथे करारावर सह्या झाल्या. त्याच दिवशी तो आपल्या देशासाठी कायम मान्य करून टाकणारा पहिला देश होता फिजी.

आणि तिथे काम संपलं नाही. साठ देशांची मान्यता मिळून करार प्रत्यक्ष अमलात यायला 16 नोव्हेंबर 1994 उजाडला. बारा वर्षं! त्यातली बरीच वर्षं नंदन संयुक्त राष्ट्रांत समुद्राच्या कामाचे मुख्य अधिकारी होते. नंतर 1996 पासून 2008 पर्यंत जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाचे पहिले महासचिव. मधल्या 1993 ते 1995 या काळात त्यांनी आणखी एक परिषद चालवली. एका देशाच्या पाण्यातून दुसऱ्याच्या पाण्यात आणि तिथून खुल्या समुद्रात फिरणाऱ्या मासळीची. आमच्याकडचा कुपा, गेदर ही त्याच जातीची मासळी, ती कुणाच्या हद्दीत थांबत नाही. त्या परिषदेतून झालेल्या करारात एक वाक्य आहे, ते मी नातीकडून वहीत लिहून घेतलं आहे: मासळी राखण्याचे नियम करताना विकसनशील देशांतले पोटापुरती मासेमारी करणारे, लहान मच्छीमार आणि मासळीच्या कामातल्या स्त्रिया यांच्यावर त्याची झळ येऊ देऊ नये, त्यांचा मासेमारीतला हक्क राखावा. मासळीच्या कामातल्या स्त्रिया! डोक्यावर पाटी घेऊन पहाटेच्या गाडीत चढणारी आमची मावशी जगाच्या कायद्यात लिहिलेली आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. मी सांगितलं, बाजारात, तिच्या पाटीजवळ उभी राहून. ती म्हणाली, "परत सांग." भारत या कराराला 2003 साली सामील झाला.

नंदन 2020 साली वारले. आपल्या मराठी वर्तमानपत्रांत त्यांच्याबद्दल मी काही वाचलेलं मला आठवत नाही.

आमच्या बोलण्यात मुत्सद्दी म्हटलं की गोड बोलून पोटातलं ओठावर न आणणारा माणूस असा अर्थ होतो. या पेशावर तो मोठा अन्याय आहे. नातीने मला त्यांचं रोजचं काम समजावून सांगितलं. कराराचा मसुदा समोर असतो. ज्या शब्दांवर एकमत नाही ते चौकोनी कंसात टाकून ठेवतात. मग दिवसचे दिवस, कधी रात्री, एकेक कंस सोडवायचा. 'करील' म्हणायचं की 'करावे' म्हणायचं, यावर देशादेशांत ओढाताण चालते, कारण 'करील' म्हटलं की बांधला गेला आणि 'करावे' म्हटलं की सल्ला राहिला. आम्ही मराठी माणसांनी हा फरक लगेच ओळखावा, आपल्या सरकारी ठरावांत तो रोज दिसतो. ग्रामसभेत एका शब्दावरून तीन तास भांडण झालेलं मी पाहिलं आहे. इथे दीडशेहून अधिक देश आणि सहा अधिकृत भाषा. सगळ्या भाषांत तो शब्द तितकाच घट्ट बसला पाहिजे. 1982 चा करार 320 कलमांचा आहे. त्या कामात घसा बसेपर्यंत बोलावं लागतं आणि त्याहून जास्त ऐकावं लागतं. अशा कामाला अक्कल लागते, चिकाटी लागते आणि पोटात माया लागते.

आपल्याकडे ही माणसं नाहीत असं नाही. परराष्ट्र मंत्रालयात विधी व करार विभाग आहे, 1957 पासून. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हेगच्या न्यायालयाने 17 जुलै 2019 ला पंधरा विरुद्ध एक अशा मतांनी निर्णय दिला की अटकेतल्या माणसाला त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना भेटू न देणं हा 1963 च्या व्हिएन्ना कराराचा भंग आहे. तेव्हा आपण सगळ्यांनी हरीश साळवे यांचं कौतुक केलं, एक रुपया मानधनाचंही केलं, आणि ते योग्यच होतं. पण अशा खटल्यांची तयारी करणारे, एकेक पत्र आणि तारीख जुळवून ठेवणारे कायद्याचे अधिकारी असतात, त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात. त्या विभागातच वाढलेल्या डॉ. नीरू चढ्ढा बंगालच्या उपसागराच्या सीमेच्या वादात भारताच्या प्रतिनिधी होत्या. 2012 साली केरळजवळच्या समुद्रात इटलीच्या जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन मच्छीमार गेले, त्या वादातही त्यांनी भारताची बाजू सांभाळली. 2017 साली त्या हॅम्बर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणात न्यायाधीश झाल्या, तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री. केरळच्या त्या दोन घरांना आणि बोटीच्या मालकाला मिळून शेवटी दहा कोटी रुपये मिळाले. इटलीच्या सैनिकांवर खटला आपल्या देशात चालवता आला नाही, हेही त्या वादाच्या निवाड्यात होतं. आणि बंगालच्या उपसागराच्या निवाड्यात 2014 साली वादातलं बरंच पाणी बांगलादेशाला गेलं. आपण तो निवाडा मानला. या कामात जिंकणं-हरणं दोन्ही असतं, आणि हरल्यावर शब्द पाळणं हाही त्याच कामाचा भाग.

हॅम्बर्गच्या त्या न्यायाधिकरणाचा पहिला खटला ऐकून मला रडू आलं. 1997 साली गिनी देशाने मासेमारी बोटींना डिझेल पुरवणारं 'सैगा' नावाचं जहाज पकडलं. जहाज ज्या देशाच्या झेंड्याखाली होतं तो सेंट व्हिन्सेंट नावाचा छोटा बेटांचा देश 13 नोव्हेंबरला न्यायाधिकरणात गेला आणि 4 डिसेंबरला निकाल आला: जामीन घ्या आणि जहाज, खलाशी सोडा. तीन आठवडे. आमचा माणूस आला तीन वर्षांनी.

भारत आणि पाकिस्तान या आपल्या दोन देशांतही कागद तयार आहेत. 21 मे 2008 चा करार आहे. दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोघांनी आपापल्याकडच्या कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यायच्या, अटकेनंतर तीन महिन्यांत त्या देशाच्या अधिकाऱ्याला कैद्याची भेट द्यायची, नागरिकत्व पटलं आणि शिक्षा संपली की महिन्याभरात सोडायचं. याद्या आजही दिल्या जातात, युद्धाचे ढग असोत की नसोत, हे त्या अनाम अधिकाऱ्यांचं मोठं काम आहे. पण दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची जी समिती तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायची, ती 2013 च्या ऑक्टोबरनंतर बसलेली नाही. आमच्या पालघर जिल्ह्यातल्या एका खलाशाचा तर नोव्हेंबर 2021 मध्ये समुद्रातच गोळी लागून जीव गेला. ही समिती परत सुरू व्हावी असं आपल्या दैनिकाने लावून धरावं, ही माझी हात जोडून विनंती आहे.

चंद्रिका शर्मा यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या सरकारी अधिकारी नव्हत्या. चेन्नईतल्या मच्छीमारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या त्या सचिव होत्या. लहान मच्छीमारांसाठी जगाने पाळायची मार्गदर्शक तत्त्वं व्हावीत म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं रोमच्या अन्न व कृषी संघटनेत सरकारांशी बोलणी केली. मच्छीमार बायकांचं म्हणणं कागदावर यावं म्हणून त्या झगडल्या. 8 मार्च 2014 ला त्या एका बैठकीसाठी मंगोलियाला निघाल्या होत्या. मलेशियाच्या हरवलेल्या त्या विमानात त्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये ती तत्त्वं मंजूर झाली आणि त्यांच्या स्मृतीला अर्पण केली गेली. विकासाचं काम म्हटलं की आमच्याकडे रस्ता, बंदर, जेट्टी असंच डोळ्यांसमोर येतं. वाढवण बंदराबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही, ते वेगळं पत्र होईल. पण गरीब माणसाचा हक्क शब्दांत पक्का बांधणं हेही विकासाचं काम आहे, आणि ते एका बाईने विमानांतून फिरून, बैठकांत बसून केलं.

नात बारावीला होती तेव्हा तालुक्याला करिअर मार्गदर्शन शिबिर झालं. तिने उभं राहून विचारलं, "आंतरराष्ट्रीय कायद्यात काम करायचं असेल तर काय करावं?" मार्गदर्शक म्हणाले, "ते दिल्लीकडच्या मुलांचं, बाळ. तू तलाठी भरतीची तयारी कर, घराजवळ राहशील." सभागृहात तीनशे मुलं असतील. त्यातली निम्मी ज्या घरांतून आलेली, त्या घरांतलं कुणी ना कुणी बोटीवर असतं. तलाठ्याच्या नोकरीला मी कमी लेखत नाही, माझी स्वतःची नोकरी त्याहून लहान होती. पण ज्यांच्या घरातली माणसं समुद्राच्या सीमेवर पकडली जातात त्यांनीच त्या सीमेचा कायदा शिकायचा नाही, हे कुठलं मार्गदर्शन?

वाट आहे, आणि ती पुरवणीत एका चौकटीत मावली असती. परराष्ट्र सेवेत जायचं तर तीच यूपीएससीची परीक्षा, मुख्य परीक्षेचे पेपर मराठीत लिहिता येतात, मराठी साहित्य हा विषयही घेता येतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या विधी विभागासाठी कायद्याचे पदवीधर यूपीएससी वेगळे निवडते. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांत, मच्छीमारांच्या संघटनांत, हॅम्बर्ग आणि हेगच्या न्यायालयांत शिकाऊ म्हणून जाता येतं. इंग्रजी लागतं, आणखी एखादी भाषा लागते. त्यासाठी आमच्या मुलांना पैशाची अडचण येते, ती खरी अडचण आहे. पण माहितीच नसली तर अडचणीपर्यंतही मूल पोचत नाही. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत या कामाला एक पान द्या. लिहायला कुणी मिळालं नाही तर विधी विभागात काम केलेल्या निवृत्त अधिकाऱ्याला पत्र टाका. अशी माणसं आनंदाने लिहितात असा माझा अनुभव आहे, मी दोघांना पत्रं पाठवली, दोघांची उत्तरं आली.

परत आलेला तो खलाशी गावात आला त्याच्या तिसऱ्या दिवशी पोस्टाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला होता. हातात काही नाही, नुसता उभा. मी विचारलं काय हवं. म्हणाला, "बाई, माझी पत्रं किती आली?" मी म्हटलं, चार. तो म्हणाला, "मी अकरा लिहिली होती."

ती चार पत्रं आणि माझ्या अर्जांच्या नकला त्याच्या आईने माझ्याकडेच ठेवायला दिल्या होत्या, तिच्या घरात ओल असते म्हणून. गेल्या सुटीत त्या घराची परवानगी घेऊन नातीने आणि मी तो गठ्ठा सोडला. एका वहीत डावीकडे 2008 च्या करारात काय लिहिलंय ते मांडलं, उजवीकडे आमच्या कागदांवरच्या तारखा. आपल्या अधिकाऱ्याची पहिली भेट करारात तीन महिन्यांत, आमच्याकडे चौदाव्या महिन्यात. अशी अकरा पानं भरली आहेत. आता शेजारच्या पाड्यांवरची आणखी दोन घरं त्यांचे कागद घेऊन आली आहेत. नात दर शनिवारी येते आणि आम्ही बाहेरच्या ओटीवर बसतो. आपल्या वार्ताहराला वही पाहायची असेल तर शनिवारी दुपारनंतर यावं.

आपली,
एक निवृत्त शाखा डाकपाल
तालुका डहाणू, जिल्हा पालघर